पेटीबाहेरची आई

कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायचं, म्हणजे कांगारू मदर केअर. या पद्धतीविषयी कुठेही बोलणं निघालं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात "आणि याला खर्च काहीच नाही" हे येतंच. भाषणात येतं, पोस्टरवर येतं, डॉक्टरांच्याही तोंडी येतं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण मला वाटतं, या पद्धतीचं जेवढं नुकसान या एका वाक्याने केलं, तेवढं तिच्या विरोधकांनीही केलं नसेल. जे फुकट असतं त्यासाठी अंदाजपत्रकात रकाना नसतो. रकाना नाही म्हणून खाट नाही, खाट नाही म्हणून आई नाही, आणि आई नाही म्हणून बाळ काचेच्या पेटीत, म्हणजे इनक्युबेटरमध्ये. वर आपणच विचारतो, एवढा सोपा उपाय पसरत का नाही?

सोपा आहे का, ते आधी जवळून पाहू.

बाळ समजा चौदाशे ग्रॅमचं आहे. अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे. आईने पुढून उघडणारा गाऊन घातलाय आणि ती पाठीला उशा लावून अर्धवट रेललेली आहे. सिस्टर बाळाला उचलून तिच्या दोन्ही स्तनांच्या मधोमध उभं ठेवते, छातीला छाती. डोकं एका कुशीला वळवायचं, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट दबत नाही. हात कोपरात दुमडलेले, पाय बेडकासारखे पोटाजवळ. मग कापडाचा पट्टा. त्याची वरची कड बाळाच्या कानाच्या पाळीखाली येते. आवळायचा तो छातीपाशी, पोटापाशी सैलच ठेवायचा, कारण एवढंसं बाळ पोटाने श्वास घेतं. नाकात दुधाची नळी असेल तर ती ओढली जाणार नाही अशी चिकटवायची. सलाईनचा हात सांभाळायचा. पहिल्या वेळी हे जमवायला दोन माणसं लागतात आणि आईचे हात थरथरत असतात.

मग आईने तसंच राहायचं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची शिफारस दिवसाला ८ ते २४ तास अशी आहे, आणि जेवढे जास्त तेवढं बरं.

आता ही बाई कोण आहे हे आठवा. काल किंवा परवा बाळंत झालेली. कदाचित सिझेरियन झालंय, टाके ओले आहेत. बाळ वेळेआधी आलं ते अनेकदा आईचंच काहीतरी बिघडल्यामुळे, तेव्हा तिचं ब्लडप्रेशर अजून चढलेलं असू शकतं. अंगावरून जातंय. छाती दाटून आलीय. तिला दर थोड्या वेळाने दूध पिळून काढायचंय, ते नळीने किंवा वाटी-चमच्याने जाताना बघायचंय, स्वतः जेवायचंय, संडासला जायचंय, झोपायचंय. रुग्णालयाने तिला काय दिलंय? बहुतेक ठिकाणी एक खुर्ची. पुष्कळदा प्लॅस्टिकची. त्या खुर्चीत टाके सांभाळत एक तास बसून दाखवा आणि मग म्हणा, याला खर्च काहीच नाही.

आपल्याकडे मायेला मोल नसतं असं म्हणतात. या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि रुग्णालयं नेमका सोयीचा अर्थ उचलतात.

हा आग्रह कशासाठी, याचं उत्तर बाळाच्या शरीरात आहे. अडीच किलोच्या आतलं बाळ ते कमी वजनाचं, अशी व्याख्या आहे, आणि जगात जन्मणाऱ्या दर सात बाळांमागे साधारण एक असं असतं. यातली काही पूर्ण दिवसांची पण पोटातच नीट न वाढलेली, काही वेळेआधी जन्मलेली, काही दोन्ही. वजनाच्या मानाने त्यांचं अंग फार उघडं असतं, म्हणजे कातडीचं क्षेत्रफळ मोठं आणि आतला साठा तुटपुंजा. ऊब निर्माण करणारी तपकिरी चरबी शेवटच्या तिमाहीत साठते, नेमके तेच दिवस हातून गेलेले असतात. आपल्याला थंडी वाजली की हुडहुडी भरते, त्यांना तीही सोय नाही. बाळ गार पडलं की आहे ती साखर आणि ऑक्सिजन ऊब टिकवण्यात खर्च होतो, मग साखर उतरते, श्वास अडखळतो, दूध ओढण्याची ताकद राहत नाही. एक गोष्ट घसरली की तिच्यामागे बाकीच्या घसरतात.

आईच्या छातीवर ही साखळी पहिल्या कडीपाशीच तुटते. ऊब मिळतेच, शिवाय बाळाच्या कातडीवर आणि पोटात आधी वस्ती होते ती आईच्या अंगावरच्या जंतूंची, वॉर्डातल्या जंतूंची नव्हे. दूध लवकर येतं आणि टिकतं. आणि एक फायदा पुस्तकांत एका ओळीत उरकला जातो, पण मला तो फार मोठा वाटतो. एका सिस्टरच्या वाट्याला कितीतरी बाळं असतात, आईच्या वाट्याला एकच. श्वास थांबला, ओठ निळसर झाले, अंग सैल पडलं, हे मॉनिटर असो वा नसो, जिच्या छातीवर ते बाळ आहे तिला कळतं.

हे नुसतं तर्काने पटवायची वेळ आता राहिलेली नाही. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने एक मोठी चाचणी झाली. एक किलो ते १ किलो ७९९ ग्रॅम वजनाची ३,२११ बाळं. निम्म्यांना जन्मल्याबरोबर आईच्या किंवा तिच्या ऐवजी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या छातीशी दिलं. बाकीच्यांना आधी नेहमीच्या पद्धतीने ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली किंवा पेटीत ठेवलं आणि तब्येत स्थिरावल्यावर कांगारू केअर सुरू केली. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पहिल्या २८ दिवसांत नेहमीच्या गटातली १५.७ टक्के बाळं दगावली, लगेच छातीशी दिलेल्यांतली १२ टक्के. म्हणजे साधारण दर २७ बाळांमागे एक जास्तीचं बाळ वाचलं. फायदा इतका स्पष्ट दिसत होता की देखरेख समितीच्या सल्ल्याने चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली.

या चाचणीतला दुसरा आकडा मात्र बातम्यांत फारसा आला नाही. अतिदक्षता कक्षात असताना पहिल्या गटातली बाळं दिवसाला साधारण १६.९ तास कातडीला कातडी लावून होती, दुसऱ्या गटातली १.५ तास. सतरा तास आणि दीड तास. हा फरक आयांना प्रेम कमी-जास्त असल्यामुळे पडलेला नाही. पहिल्या गटासाठी त्या रुग्णालयांनी अतिदक्षता कक्षात आईसाठी खाटा टाकल्या, तिच्या टाक्यांकडे, ब्लडप्रेशरकडे, औषधांकडे बघण्याची सोय तिथेच केली, आणि ती दमली की छातीशी घ्यायला घरचं दुसरं माणूस आत येऊ दिलं. जीव वाचवणारं औषध तास हे असेल, तर तासांची किंमत या खाटांत, या माणसांत आणि या बदललेल्या नियमांत मोजावी लागते.

आई पेटीबाहेर गेली कशी, हेही पाहण्यासारखं आहे. पॅरिसमध्ये १८८० च्या सुमारास प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबदार पेटी वापरायला सुरुवात केली. कोंबडीची पिल्लं उबवायची पेटी पाहून त्यांना ती सुचली असं सांगतात. (शंभर वर्षांनी पर्याय सुचला तो कांगारूकडे बघून. माणसाचं पिल्लू कसं जगवायचं हे माणसाने दोन्ही वेळा दुसऱ्याच प्राण्याकडून उचललं.) तार्निए यांच्यानंतर प्रसूतितज्ज्ञ पिएर ब्यूदँ आले. त्यांना लवकरच जाणवलं की बाळापासून फार दिवस लांब ठेवलेल्या आईचं मन बाळावरून उडतं, म्हणून आईने जवळ असावं आणि स्वतःचं दूध पाजावं असा त्यांचा आग्रह होता. पुढे मात्र जंतुसंसर्गाच्या धास्तीने आणि यंत्रांच्या गर्दीने आई काचेबाहेर गेली. तिला भेटीच्या वेळा मिळाल्या. आपल्याच बाळाला भेटायच्या वेळा!

१९७८ मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरात, इन्स्टिट्यूटो मॅटर्नो इन्फंटील या रुग्णालयात डॉ. एडगार रे सानाब्रिया यांच्यापुढे पेच होता. पेट्या कमी, बाळं जास्त, एका पेटीत एकाहून जास्त बाळं, त्यामुळे एकाचा संसर्ग दुसऱ्याला, आणि कित्येक आया बाळ तिथेच सोडून जात. त्यांनी बाळं आयांच्या छातीशी दिली. लवकरच डॉ. एक्तोर मार्तीनेस त्यांना येऊन मिळाले. सुरुवातीला यशाचे जे आकडे बाहेर आले ते जरा फुगलेले होते. १९८५ मध्ये दोन ब्रिटिश डॉक्टरांनी बोगोटाला जाऊन दाखवून दिलं की ही पद्धत पहिल्या खडतर दिवसांतून तरलेल्या बाळांवर वापरली जात होती, तेव्हा आधी दगावलेली बाळं त्या हिशोबात धरलीच गेली नव्हती. मला या टीकेचं मोल वाटतं. कांगारू केअर चमत्कार म्हणून आली असती तर चमत्कारासारखीच विरून गेली असती. ती तपासली गेली, म्हणून टिकली.

पण तिच्या जन्मकथेचा एक डाग अजून पुसला गेलेला नाही. ती टंचाईतून जन्मली, म्हणून तिच्यावर 'गरिबाची पेटी' असा शिक्का बसला. ज्यांच्याकडे पेट्या भरपूर त्यांना वाटतं, आपल्याला गरज काय? ज्यांच्याकडे पेट्या नाहीत त्यांना वाटतं, आता पेट्या घ्यायला नकोत. दोघेही चुकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटलंय ते स्पष्ट आहे: कमी वजनाच्या किंवा वेळेआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाला, रुग्णालयात किंवा घरी, शक्य तितक्या लवकर ही काळजी मिळावी. अपवाद सांगितलेत ते थोडे: जन्मानंतर प्रयत्न करूनही ज्याला आपला आपण श्वास घेता येत नाही, जे शॉकमध्ये आहे, म्हणजे ज्याचं रक्ताभिसरण ढासळलंय, ज्याला व्हेंटिलेटर लागतोय. आणि हे अपवाद आहेत याचाच अर्थ ऑक्सिजन, सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र), सलाईन, तपासण्या, जाणत्या सिस्टर हे सगळं लागणारच आहे. छाती ही पेटीची जागा घेईल, अख्ख्या अतिदक्षता कक्षाची नाही.

युगांडातल्या पाच रुग्णालयांतली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही इथे बाजूला ठेवता येणार नाही. तब्येत अजून स्थिरावलेली नाही अशा बाळांना तिथे लगेच कांगारू केअर दिली, पण पहिल्या सात दिवसांतल्या मृत्यूंमध्ये फरक आढळला नाही. याचा अर्थ पद्धत फोल ठरली असा मी घेत नाही. आजारी बाळाला छातीशी दिल्याने अपाय झाल्याचंही तिथे दिसलं नाही, आणि भीती तर त्याचीच घातली जाते. पण नुसतं छातीशी दिलं म्हणजे सगळं आपोआप होईल असं समजणाऱ्यांनी तो निकाल दोनदा वाचावा.

"आया आत आल्या की इन्फेक्शन येईल" ही हरकत मी अनेक तोंडून ऐकली आहे. पाच देशांच्या त्याच चाचणीत जंतुसंसर्गाचा संशय लगेच छातीशी दिलेल्यांत २२.९ टक्के बाळांबाबत आला, नेहमीच्या गटात २७.८ टक्के. एका बाळाकडून दुसऱ्याकडे फिरतात ते कर्मचाऱ्यांचे हात. आई एकाच बाळाला हात लावते. तिला हात धुवायला नळ आणि साबण द्या, एवढं केलं तरी ती वॉर्डातली सर्वांत कमी धोक्याची व्यक्ती ठरते.

खरी अडचण मला वेगळीच दिसते, आणि ती कागदी आहे. बाळंत होताच एका माणसाची दोन माणसं होतात आणि त्यांची दोन खाती. आई प्रसूती विभागाची, बाळ बालरोग विभागाचं. दोन फायली, दोन राउंड, दोन डिस्चार्ज. आई साधारण बरी असेल तर तिला दोन-चार दिवसांत घरी जायला सांगतात, आणि त्या कागदावर सही झाली की ती पेशंट राहत नाही, ती 'नातेवाईक' होते. नातेवाइकाला खाट मिळत नाही, जेवण मिळत नाही, औषध मिळत नाही. तिचं ब्लडप्रेशर चढलं तर ते तपासायचं कुणी, यावर दोन विभागांत निरोपानिरोपी चालते. स्वीडनमधल्या काही रुग्णालयांनी यावर सरळ उपाय केला. आई आणि बाळ, दोघांची शुश्रूषा एकाच खोलीत, एकाच पथकाकडून. तिथे पेट्यांची टंचाई कधीच नव्हती, हे 'गरिबाची पेटी' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. ही पद्धत पसरवायची तर पहिला हुकूम पोस्टर छापण्याचा निघू नये. तो असा निघावा की बाळ दाखल आहे तोवर आईही दाखल.

या कामाला सिस्टर कमी पडतील, ही तक्रार मात्र मी खरी मानते. बाळ आईकडे गेलं म्हणजे सिस्टरचं काम कमी झालं, असं कागदावर मांडून पदं कापली गेल्यावर काय होतं ते कुणीही सांगेल. सुरुवातीचे दिवस काम वाढतं. प्रत्येक आईला बांधायला शिकवायचं, भीती घालवायची, रात्री उठून पट्टा सैल झालाय का पाहायचं, दूध पिळायला बसवायचं, आणि हे प्रत्येक नव्या आईबरोबर पहिल्यापासून. पुढे काही दिवसांनी अनुभवी आई शेजारच्या नवीन आईला शिकवते, तेव्हा भार हलका होतो. पण तिथवर पोचायला माणसं लागतात, आणि ती नेमावी लागतात.

आणि आई सोडून बाकीचे? नावातच 'मदर' असल्यामुळे बाप सुटतो. त्याच्या छातीलाही तीच ऊब असते. आजी, मावशी, कुणीही निरोगी मोठं माणूस चालतं. जुळी असतील तर दुसरी छाती लागतेच. बापाला दाराबाहेर उभं करणारा नियम कुणाच्या भल्यासाठी आहे हे मला आजवर कळलेलं नाही. आणि त्याला आत घेतलं तरी कामावरून सुट्टी मिळणार का, हा प्रश्न उरतोच. वेळेआधी आलेल्या बाळाच्या आईची प्रसूती रजा जन्माच्या दिवसापासून मोजली, तर त्यातले कित्येक आठवडे रुग्णालयातच संपतात. बाळ घरी येतं तोवर रजा निम्म्यावर. ही रजा बाळाच्या डिस्चार्जपासून मोजावी, ही मागणी कांगारू केअरच्या चर्चेत क्वचित ऐकू येते. कारण ती चर्चा आपण वॉर्डाच्या भिंतींत कोंडून ठेवली आहे.

ती भिंतीबाहेरही चालते, याचा पुरावा हरियाणात मिळाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत ८,४०२ बाळं होती, दीड किलो ते सव्वादोन किलोंची, म्हणजे रुग्णालय ज्यांना 'तशी ठीक आहेत' म्हणून सोडून देतं अशी. घरोघर जाऊन आयांना छातीशी धरायला आणि निव्वळ अंगावर पाजायला शिकवलं, पुन्हा पुन्हा भेटी दिल्या. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले, सहा महिन्यांपर्यंतचे २५ टक्क्यांनी. यातही फुकट काही नव्हतं. उंबरठ्यावर वारंवार येणारी, शिकलेली, पगारी माणसं होती.

माया, ऊब, स्पर्श या शब्दांचा मला थोडा धाक वाटतो, तो यामुळेच. ते खोटे आहेत म्हणून नव्हे. पण बाळ दगावलं की हेच शब्द आईवर उलटतात: तू पुरेसं धरलं नाहीस. जिला घरी दुसरं लहान मूल आहे, जिचे टाके पिकलेत, जिला बाळाकडे बघायचीही भीती वाटतेय, तिला अपराधी वाटायला लावणारी योजना चांगली असू शकत नाही. आईला जमलं नाही, तर आधी विचारावं की तिला झोपायला काय दिलं होतं.

म्हणून मोजमापाची एक लहानशी गोष्ट सुचवते. वॉर्डाच्या रजिस्टरात कांगारू केअर दिली का, असा रकाना असतो आणि त्यात 'हो' लिहिलेलं असतं. दुपारी तासभर खुर्चीत बसवलं तरी 'हो', सतरा तास धरलं तरी 'हो'. वरच्या अहवालात दोन्हींची बेरीज होऊन टक्केवारी छान दिसते. त्या जागी तास लिहावेत, आणि पाळीवार लिहावेत: सकाळ, दुपार, रात्र. पहिल्याच महिन्यात रात्रीच्या रकान्यात ओळीने शून्यं दिसतील. मग कुणीतरी वरून विचारेल की रात्रीच काय होतं, आणि सिस्टरला उत्तर लिहावं लागेल: रात्री आठनंतर आयांना बाहेर काढतात.